सोलापुरात बसून वने आणि उपजीविकेचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम: अनुभव आणि सल्ला हवा आहे

कोरडवाहू (धागाकर्ता)

सर्व सदस्यांना नमस्कार. मी सोलापुरात एका पतसंस्थेत नोकरी करतो. शेतीची पदवी घेतल्याला बारा वर्षे झाली आणि यंदा परदेशातील एका विद्यापीठाच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. वने आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्या लोकसमूहांची उपजीविका हा त्याचा विषय. दर आठवड्याला तीन-चार शोधनिबंध वाचायचे, त्यांवर तीनशे शब्दांचे टिपण वर्गाच्या चर्चेत मांडायचे, दोन सहाध्यायांच्या टिपणांना उत्तर द्यायचे आणि सत्राच्या शेवटी आपल्या परिसरातील एका उदाहरणावर मोठा निबंध लिहायचा, अशी त्याची रचना आहे.

पहिल्याच टिपणाला शंभरापैकी 52 गुण मिळाले. अध्यापकांचा शेरा असा होता की वर्णन भरपूर आहे, पण प्रश्न दिसत नाही. वर्गात नेपाळ, ब्राझील आणि घाना येथील विद्यार्थी आहेत, त्यांच्या बोलण्यात जंगल दाराशी असते. माझ्या खिडकीतून एक कडुलिंब आणि बंद गिरणीची भिंत दिसते. म्हणून दोन गोष्टी विचारतो. नोकरी सांभाळून एवढे इंग्रजी वाचन पचवावे कसे? आणि जंगल नसलेल्या जिल्ह्यात राहून शेवटचा निबंध कशावर लिहावा? रजा काढून गडचिरोली गाठावी काय?

लालडबा

गडचिरोली अवश्य गाठावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्रभराच्या प्रवासाने नागपूर आणि तेथून पुढे चारेक तास, एवढेच अंतर आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळूनही बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने वन विभागाकडेच होते. एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गावाची. जे गाव या विषयाच्या प्रत्येक चर्चेत येते ते आपल्याच राज्यात असताना आपण ते पाहिले नाही, असे परदेशी अध्यापकांना सांगणे बरे दिसणार नाही.

पानगळ

लालडबा यांच्याबद्दल आदर राखून मी असहमती नोंदवते. याच स्वरूपाचा अभ्यासक्रम मी चार वर्षांपूर्वी बार्शीहून पूर्ण केला आणि नेमकी हीच चूक केली. चार दिवसांची रजा घेऊन विदर्भातील एका गावी गेले, लोकांनी प्रेमाने जेवू घातले, मी वहीभर टिपणे काढली आणि परतल्यावर लक्षात आले की जे शोधनिबंधांत आधीच छापलेले होते तेच मी पुन्हा ऐकून आले होते. मेंढ्यावर इतके लिहिले गेले आहे की चार दिवसांच्या पाहुण्याला तेथे नवा प्रश्न सापडणे कठीण आहे. माझ्या निबंधावर अध्यापिकांनी लिहिले होते, “आपण ‘गावकरी’ हा शब्द अकरा वेळा वापरला आहे. हे गावकरी म्हणजे नेमके कोण?” ग्रामसभेत बोलणारे आणि न बोलणारे, जमीन असलेले आणि नसलेले, माहेरवाशिणी आणि सासुरवाशिणी, असा कोणताही भेद मी केला नव्हता.

आता वाचनाविषयी. कोणताही शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू नये. आधी सारांश, मग निष्कर्ष, मग माहिती कशी गोळा केली तो भाग, आणि एवढे झाल्यावर उरलेले वाचावे की नाही हे ठरवावे. वाचून संपताच पुस्तक मिटून तीन ओळी मराठीत लिहाव्यात: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो आणि कोणत्या ठिकाणी ते खरे ठरणार नाही. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण चर्चेतील टिपण तिच्यातूनच उगवते. आपल्या अध्यापकांना जो प्रश्न दिसला नाही तो याच तिसऱ्या ओळीत असतो. मराठीत लिहिण्याचा आग्रह एवढ्यासाठी की इंग्रजी वाक्ये आपण न समजताही उतरवून काढू शकतो, मराठीत मात्र न समजलेले लिहिताच येत नाही.

संज्ञांची एक वेगळी वही ठेवावी. ‘टेन्युअर’ (जमीन किंवा जंगल कोणी, कोणत्या हक्काने वापरायचे याची व्यवस्था) या शब्दासाठी मी पहिले दोन महिने ‘मालकी’ लिहीत होते आणि त्यामुळे निम्मे वाचन चुकीचे समजले. पाने तोडण्याचा हक्क, गुरे चारण्याचा हक्क, दुसऱ्याला रोखण्याचा हक्क आणि जमीन विकण्याचा हक्क या चार वेगळ्या गोष्टी आहेत. वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही. तिला सरसकट मालकी म्हटले की सगळा विचारच वाकडा होतो.

गिरणगाव४१३

जंगल शोधण्यासाठी विदर्भात कशाला जावयाचे? माढा तालुक्यात टेंभुर्णी आहेच. तेथे उतरून फलकासमोर छायाचित्र काढावे आणि निबंध पाठवून द्यावा.

नान्नजची_वाट

गिरणगाव यांनी विनोद केला आहे, परंतु ज्याच्या पानांत विडी वळतात त्या तेंदूच्या झाडाचेच टेंभुर्णी हे मराठी नाव आहे.

मूळ प्रश्नाकडे वळतो. जिल्ह्यात जंगल नाही, हे विधानच निबंधाचा विषय होऊ शकते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात वनाच्छादन म्हणजे किमान एक हेक्टर क्षेत्र आणि किमान 10 टक्के वृक्षछत्र, मग जमीन कोणाचीही असो आणि झाड कोणतेही असो. या व्याख्येने एखाद्या बागायतदाराची दाट आमराई वनाच्छादनात मोजली जाते आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे गवताळ माळरान, जे वन विभागाच्याच ताब्यात आहे, ते मोजले जात नाही. उपग्रहाला झाडाची सावली दिसते, गवत त्याच्या हिशेबात बसत नाही.

नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 साली घोषित झाले. कागदावर त्याचे क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होते आणि त्यात गावेच्या गावे, शेती, रस्ते असे सगळे आले. पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. मधल्या काळात जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांमुळे शेतकऱ्यांना जो त्रास झाला तो आमच्या घरानेही भोगला आहे. पक्षी वाचावा हे सर्वांना मान्य होते, त्याची किंमत कोणी मोजावी हे कोणी विचारले नव्हते. त्याच माळावर पिढ्यानपिढ्या मेंढरे चारणारे धनगर आहेत. वनहक्क कायद्यात चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वावराचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. तथापि अनुसूचित जमातीत नसलेल्या दावेदाराला 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य आणि वनावरील अवलंबित्व सिद्ध करावे लागते. जो आठ महिने कळपामागे चालत असतो त्याच्या वास्तव्याचा पुरावा कोणत्या दप्तरात मिळणार? यावर तीनशे शब्द नव्हे, तीन निबंध होतील.

लालडबा

नान्नजची_वाट यांचा मुद्दा मान्य आहे. मात्र परदेशी अध्यापक गवताला वन मानतील काय, हा प्रश्न उरतोच.

नान्नजची_वाट

मानत नसतील तर का मानत नाहीत, हेच तर लिहायचे.

आठवा_नंदीध्वज

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंना 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामाईक संसाधने लोक स्वतःचे नियम करून टिकवतात हे दाखवल्याबद्दल. त्यांची आठ तत्त्वे आमच्याही अभ्यासक्रमात होती: हद्द स्पष्ट असावी, नियम स्थानिक परिस्थितीला धरून असावेत, नियम बदलताना वापरणाऱ्यांना मत असावे, देखरेख असावी, दंड चुकीच्या प्रमाणात वाढत जावा वगैरे. ती काही केल्या पाठ होईनात. शेवटी मी सिद्धेश्वर यात्रेतील सात नंदीध्वज डोळ्यांसमोर ठेवून सात तत्त्वे एकेकावर बसवली. परीक्षेत आठव्यापाशी अडकलो, म्हणून हे नाव घेतले आहे.

पानगळ

पाठ करण्यापेक्षा ती एखाद्या ठिकाणाला लावून पाहिली तर लक्षात राहतात. आपण राहत असलेल्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्यालाही ती लावता येतात. आमच्या सोसायटीत पाचवे तत्त्व नाही, पहिल्याच चुकीला थेट भांडण होते.

कोरडवाहू

सर्वांचे मनापासून आभार. तीन ओळींची पद्धत या आठवड्यात वापरून पाहिली, एका निबंधाला लागणारा वेळ चार तासांवरून दोन तासांवर आला. नान्नजचा विषय मोहात पाडणारा आहे. तथापि टेंभुर्णीच्या विनोदावरून एक वेगळीच गोष्ट सुचली. तेंदूची पाने गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातून निघतात आणि त्यांच्या विड्या आपल्या शहराच्या पूर्व भागात वळल्या जातात. म्हणजे जंगल माझ्या खिडकीतून दिसत नसले तरी ते दररोज पोत्यांतून सोलापुरात येते. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, जाऊन वीस-पंचवीस महिलांच्या मुलाखती घ्याव्यात, छायाचित्रे काढावीत आणि निबंध करावा, असे योजले आहे. कसे वाटते?

पूर्वभागातली_लेक

हा धागा मी आजवर केवळ वाचत होते. आता लिहिणे भाग आहे.

माझ्या आईने एकतीस वर्षे विड्या वळल्या. आजी हैदराबादकडून हातमागाच्या मागोमाग आलेल्या कुटुंबातील, तिनेही वळल्या. आमच्या दारात आजवर किती विद्यार्थी, किती संस्थांची माणसे आणि किती कॅमेरे आले याचा हिशेब नाही. प्रत्येकाने आईला विचारले की तंबाखूचा त्रास होतो काय, दिवसाला किती विड्या होतात, मुलींना या कामाला लावाल काय. एकानेही पुन्हा येऊन त्याने काय लिहिले ते वाचून दाखवले नाही. एका मुलाखतीला तास गेला तर त्या तासाच्या विड्या कमी होतात. हजार विड्यांवर मजुरी ठरते, मुलाखतीवर नाही. शिवाय कोणी कारखान्याविषयी काही बोलले आणि ते छापून आले तर दुसऱ्या दिवशी पाने कमी प्रतीची पदरात पडण्याची भीती असते. ‘वीस-पंचवीस महिलांच्या मुलाखती आणि छायाचित्रे’ हे वाक्य आपण ज्या सहजतेने लिहिले त्याचे मला वाईट वाटले.

आणि एक. आपला अभ्यासक्रम वनांवर आधारित उपजीविकेचा आहे ना? मग माझ्या आईने जंगल कधी पाहिले नाही, तरी तिची उपजीविका वनावर आधारित आहे की नाही, याचे उत्तर आपल्या शोधनिबंधांत आहे काय?

कोरडवाहू

ताई, आपले म्हणणे योग्य आहे आणि मी ते वाक्य मागे घेतो. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सत्राचे सगळे वाचन पुन्हा चाळले. बहुतेक लेखक जंगलाच्या काठावर थांबतात. पान गोणीत भरून ट्रक निघाला की त्यांचा अभ्यास संपतो.

झेडब्रिज

प्रश्न थोडा बाजूचा आहे, पण आजकाल ही टिपणे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेता येतात. एवढा खटाटोप कशासाठी?

आठवा_नंदीध्वज

माझ्या गटातील एकाने तसे लिहून घेतले होते. त्यात महाराष्ट्रातील एका अशा गावाचे सविस्तर वर्णन होते जे अस्तित्वातच नाही. गटातील चौघांनाही ते टिपण पुन्हा लिहावे लागले.

पानगळ

पूर्वभागातली_लेक यांनी जे लिहिले त्याला अभ्यासक्रमाच्या भाषेत संशोधनाची नीतिमत्ता म्हणतात आणि त्यासाठी विद्यापीठाच्या समितीची परवानगी लागते. कोरडवाहू यांनी ही बाब आधी तपासावी. माणसांशी बोलून माहिती घ्यायची असेल तर अर्ज, संमतीपत्राचा मराठी आणि तेलुगू मसुदा, समितीच्या शंका आणि त्यांची उत्तरे यांत कित्येक आठवडे जातात. माझ्या वर्गातील तिघांचे सत्र याच कारणाने लांबले. छापील माहितीवर आधारलेल्या निबंधाला ती परवानगी बहुधा लागत नाही, तरीही अध्यापकांना लेखी विचारून घ्यावे.

विषयाची निवड मात्र मला फार आवडली. साखळीची दोन्ही टोके एकाच राज्यात आहेत आणि दोन्ही टोकांना बहुतांश श्रम स्त्रियांचे आहेत. त्यात काळाचाही धागा मिळतो. 1969 च्या कायद्याने तेंदूपानाच्या व्यापाराचे नियंत्रण राज्याकडे गेले. 1996 च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) आणि 2006 च्या वनहक्क कायद्यांनी गौण वनोपजावर (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंवर) ग्रामसभेचा हक्क मान्य केला, त्यानंतर अनेक ग्रामसभांनी स्वतः लिलाव करण्यास सुरुवात केली. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तेंदूपानावर 18 टक्के दर लागला. या प्रत्येक बदलाची झळ किंवा लाभ सोलापूरच्या टोकाला कितपत पोहोचला, असे विचारता येईल.

धानोऱ्याचा_जावई

माझी सासुरवाडी गडचिरोली जिल्ह्यात आहे, म्हणून थोडी भर घालतो. तोडणीचा हंगाम जेमतेम एप्रिल-मे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झुडपे छाटली की नवी कोवळी पालवी फुटते, तीच विडीला चालते. पहाटे घरातील सगळे जंगलात जातात, दुपारी अंगणात बसून पाने लावतात, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, मोजून देतात. एका पुड्यात 70 पाने आणि अशा 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. ती पाने उन्हात पसरून वाळवली जातात, मध्ये एखादी वळवाची सर आली की डाग पडतात. मेहुणीचा हात इतका बसला आहे की ती न मोजता पुडा बांधते आणि आपण मोजले तर सत्तरच निघतात. मी मोजून बांधतो, तरी एकाहत्तर होतात. सासरी माझी प्रतिष्ठा याच कारणाने कमी आहे.

पूर्वभागातली_लेक

जावईबापूंनी लिहिलेले वाचून आईला दाखवले. ती म्हणाली, तेथे पान मोजून घेतात काय? आम्हांला तर वजनावर देतात.

जंगलात पानाची गणती होते, कारखान्यात पान किलोवर तोलून दिले जाते आणि विडी पुन्हा गणतीने, हजारावर, परत घेतली जाते. डागी, फाटके किंवा जाड शिरेचे पान निघाले तर तेवढ्या वजनात ठरलेल्या विड्या बसत नाहीत, मग कमी पडणारे पान आई स्वतःच्या पैशाने विकत आणते. त्याशिवाय वळलेल्या विड्यांतून काही छाट म्हणून बाजूला काढल्या जातात. वळवाच्या पावसाने पडलेल्या डागाचा भुर्दंड शेवटी कोण भरते, हे मला आज पहिल्यांदा समजले.

नान्नजची_वाट

कोरडवाहू, आपल्या अध्यापकांना जो प्रश्न दिसत नव्हता तो वरच्या प्रतिसादात आहे. नान्नज मी पुढच्या कोणासाठी राखून ठेवतो.

लालडबा

गडचिरोलीला जाण्याचा माझा सल्ला मी पूर्णपणे मागे घेत नाही, परंतु आता तो दुसऱ्या सत्रासाठी देतो.

कोरडवाहू

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. मार्चअखेरचे काम आणि सहामाही टिपण एकाच आठवड्यात आले होते. वेळेविषयी एवढेच सांगतो की रात्री जागून वाचण्याचा प्रयत्न पूर्णपणे फसला. पहाटे साडेचार ते सहा हे दीड तासच कामाला आले, आणि चर्चेतील टिपण मी शेवटच्या दिवशी न टाकता दुसऱ्या दिवशीच टाकू लागलो, कारण लवकर टाकलेल्या टिपणालाच उत्तरे मिळतात. सगळ्यांत शेवटी आलेले कोणी वाचत नाही.

निबंधाचे शीर्षक असे ठरवले आहे: ‘मोजले कोणी, तोलले कोणी: तेंदूपानाच्या प्रवासातील एकके आणि तुटीचा भार’. आराखड्यावर अध्यापकांनी लिहिले आहे की प्रश्न आता दिसतो, परंतु ग्रामसभेने स्वतः लिलाव केल्याने पानाची प्रत सुधारते असे मी जे गृहीत धरले आहे त्याला आधार द्यावा लागेल. तो आधार मला अद्याप मिळालेला नाही आणि बहुधा ते वाक्य काढून टाकावे लागेल. समितीकडे अर्ज केला आहे, मुलाखती केवळ तीन ठेवल्या आहेत आणि छायाचित्रे नाहीत. प्रत्येकीला तिच्या बोलण्याचा मजकूर वाचून दाखवल्याशिवाय तो वापरणार नाही, असे अर्जात लिहिले आहे.

पूर्वभागातली_लेक, आपल्या आईंची तयारी असल्यास परवानगी आल्यावर भेटता येईल काय? तासाच्या विड्यांचा मोबदला देणे नियमात बसते की नाही हेही समितीला विचारले आहे.

पूर्वभागातली_लेक

आईला विचारले. ती म्हणते, रविवारी दुपारी चारनंतर यावे, पाने कापून झालेली असतात आणि वळता वळता बोलता येते, त्यामुळे मोबदल्याचा प्रश्न नाही. मराठीत विचारले तरी उत्तर मध्येच तेलुगूत येईल, तेव्हा मी बसेन.

येताना जावईबापूंकडून एक बांधलेला पुडा मिळाला तर आणावा, असे तिने सांगितले आहे. तिला तो सोडून मोजायचा आहे.

धानोऱ्याचा_जावई

मेहुणीने बांधलेला पाठवतो.